झाडासकट घर

जुन्या वळणाच्या मराठी खरेदीखतात चतुःसीमा लिहून झाल्या की एक ठरीव ओळ येते. मिळकत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ यांसह खरेदी दिली आहे, असे तीत म्हटलेले असते. घेणाऱ्याचे लक्ष तोवर क्षेत्रफळ, मुद्रांक शुल्क आणि कर्जाचा हप्ता यांत अडकलेले असते. तरु कोणता, किती वयाचा, भिंतीपासून किती अंतरावर, हे कोणी विचारत नाही. मग एखाद्या जूनमध्ये फांदी कौलांवर येते, ड्रेनेजचे चेंबर तुंबते किंवा शेजारी नोटीस धाडतो, तेव्हा ती ओळ पुन्हा काढून वाचली जाते.

कायद्याने पाहिले तर ही ओळ नसली तरी फारसे बिघडत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात जमिनीत मुळे रोवून उभी असलेली झाडे ही जमिनीला जोडलेली वस्तू मानली आहे, आणि वेगळे काही ठरले नसेल तर ती जमिनीबरोबरच नव्या मालकाकडे जातात. सावली, आंबे, पालापाचोळा, धोका आणि जबाबदारी, सगळे एकाच सहीने हातात पडते. तरीही घर पाहायला येणारी माणसे बहुधा दोन टोकांना उभी असतात. एकाला अंगणातला आंबा पाहताच घर घ्यावेसे वाटते. दुसऱ्याला तोच आंबा पाहून पायाला गेलेले तडे दिसू लागतात. दोघेही जमिनीकडे बघत नाहीत, आणि खरा निकाल बव्हंशी तिथेच लागतो.

‘मुळे घराचा पाया फोडतात’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्यामागचा सर्वांत सविस्तर अभ्यास मात्र दूरच्या मातीवर झाला आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडखाली ओलाव्याने फुगणारी आणि सुकली की आकसणारी चिकणमाती आहे. १९७६ च्या कडक दुष्काळात ती इतकी आकसली की हजारो घरे खचली आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांचा पूर आला. क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी त्या दशकात नुकसान झालेल्या इमारती आणि जवळची झाडे यांची अंतरे पद्धतशीर नोंदवली. ओकच्या बाबतीत नुकसानीची तीन चतुर्थांश प्रकरणे १३ मीटरच्या आत होती, पण सर्वांत लांबचे प्रकरण ३० मीटरवरचे निघाले. यातली यंत्रणा समजून घेतली पाहिजे. मुळांनी पाया ढकलला नव्हता. त्यांनी पायाखालच्या मातीतले पाणी ओढून घेतले, माती आकसली आणि घराचा एक कोपरा खाली बसला.

महाराष्ट्रात या मातीची सख्खी बहीण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या काळ्या कापसाच्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते आणि ते पाणी पिऊन भरपूर फुगते. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, खानदेश आणि नाशिक-नगरचा बराचसा भाग या मातीवर वसलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. अशा जमिनीवर उथळ पायाचे घर झाडाविनाही हलते. जवळ मोठे झाड असेल तर घराखालची माती एका बाजूने अधिक सुकते, आणि असे असमान हलणे भिंतींना सोसत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी तळाशी फुगीर बुंधा असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. ते ऋतूगणिक हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन घट्ट बसतात. पायाविषयीच्या भारतीय मानकातही झपाट्याने वाढणारी, पाणी शोषणारी झाडे पायापासून ८ मीटरच्या आत लावू नयेत अशी सूचना आहे. म्हणूनच नागपूरला किंवा लातूरला घर पाहताना झाडाच्या आधी पायाची चौकशी करावी: किती खोल, कशावर टेकवलेला, पाइल आहेत का.

पुण्यात कोथरूड-पाषाणच्या बाजूला दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो, तिथे गोष्ट निराळी होते. मुरूम फुगत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्यावर बसलेल्या घराखालचीही जमीन अशी आकसत-फुगत नाही. या भागांत आंब्याने घर खचवले असे कोणी सांगू लागले तर आधी दुसरी कारणे तपासावीत: भराव नीट न दाबलेला, पावसाचे पाणी जोत्याशी साचणारे, गळकी टाकी, कुजलेला सांडपाण्याचा पाइप. झाड डोळ्यांसमोर असते म्हणून दोष त्याच्या माथी जातो.

तड्यांची भाषा थोडी शिकून घेतलेली बरी. प्लास्टरवरचे केसासारखे जाळे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघणारा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता तडा पाया हलल्याची खूण असू शकतो. तो मे महिन्यात उघडतो आणि सप्टेंबरमध्ये मिटतो असे दिसले, तर खालची माती ऋतूप्रमाणे श्वास घेते आहे असे समजावे. जुने गवंडी अशा तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवत. भिंत हलली की काच तडकते. घेणाऱ्याकडे इतका वेळ क्वचित असतो, पण ताज्या पुट्टीचा एखादाच तिरका पट्टा दिसला तर रंग कधी लावला हे विचारायला हरकत नाही. मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळण्यासारखा नाही, तो सांगणे १८८२ च्या त्याच अधिनियमाने विकणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. झाड सर्वांना दिसते, ते त्यात बसत नाही. पुट्टीखाली झाकलेला तडा बसू शकतो.

एक चूक मात्र फार महाग पडते आणि ती चांगल्या हेतूने होते. काळ्या जमिनीवरचा प्लॉट घ्यायचा, मधले जुने झाड पाडायचे आणि लगेच बांधकाम सुरू करायचे. ते झाड वर्षानुवर्षे जमिनीतले पाणी ओढत होते. ते गेल्यावर सुकलेली चिकणमाती हळूहळू ओलावा परत घेते आणि फुगते, त्यात नवे जोते वर उचलले जाते. झाड असताना खचण्याची भीती होती, झाड गेल्यावर उचलले जाण्याची. म्हणून अशा जमिनीवर झाड काढणे हा झटपट सुटकेचा मार्ग नसतो, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी समजून घ्यावे.

मुळांचा खरा त्रास साधारणपणे हलक्या बांधकामांना होतो. कुंपणाची भिंत, कोकणातला गडगा, अंगणातली फरशी, पेव्हर ब्लॉक, जमिनीत पुरलेली पाण्याची टाकी ही मुळे जाड होताना उचलली जातात. बहुतेक झाडांची मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्या पलीकडेही बरीच जातात. जुन्या घरांत भाजक्या मातीचे सांडपाण्याचे पाइप असतात. त्यांचे सांधे झिरपू लागले की त्या ओलाव्याकडे बारीक मुळे वळतात, आत शिरतात आणि आतल्या आत जटा करून नळी बंद करतात. धड पाइप मुळांना फोडता येत नाही. त्यामुळे झाडाजवळचे जुने घर घेताना चेंबरची झाकणे उघडून पाहावीत, दोन बादल्या पाणी ओतून ते किती वेगाने जाते ते बघावे, आणि पाइप बदलायचा खर्च भाव ठरवताना धरावा. पाइप बदलणे झाड पाडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

वड, पिंपळ आणि उंबर यांचा प्रकार वेगळाच आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचे बी भिंतीच्या भेगेत, गच्चीच्या कठड्यात, पन्हळीच्या कोपऱ्यात रुजते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून बाहेर आलेले पिंपळ अनेकांनी पाहिले असतील. जमिनीत उभा असलेला पिंपळ आणि भिंतीत उगवलेला पिंपळ यांत मालकाने गल्लत करू नये. दुसरा खरोखरच चुन्याचे सांधे उकलतो, आणि नुसता खुडला तर पुन्हा फुटतो. तो बोटाएवढा असतानाच मुळासकट काढून भेग भरणे हाच उपाय. त्याबाबत श्रद्धेची अडचण अनेक घरांत येते. अशी रोपे दुसरीकडे नेऊन लावता येतात, आणि ती रुजतातही.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे. पिंपळावर मुंजा असतो, चिंचेखाली झोपू नये, अमुक दिशेला अमुक झाड अशुभ, या गोष्टी दलालाच्या तोंडी भाव वाढवायला आणि घेणाऱ्याच्या तोंडी भाव पाडायला सारख्याच उपयोगी पडतात. त्यांना आधार नाही. दुसरीकडे परंपरेत झाडाकडे बघण्याची एक डोळस रीतही आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. जांभूळ, औदुंबर अशा झाडांच्या आणि त्यांच्याजवळच्या वारुळांच्या खुणांवरून जमिनीखालच्या पाण्याचा अदमास कसा घ्यावा, हे त्यात सांगितले आहे. अंगणात डेरेदार उंबर असेल तर खाली ओलावा आहे, आणि पायाच्या दृष्टीने तीच गोष्ट विचारात घ्यायची आहे.

आता पडण्याची भीती. ती खरी आहे, आणि पायाच्या भीतीपेक्षा अधिक खरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि झाडे घरांवर पडली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले आणि एका दिवसात शहरात शेकडो झाडे उन्मळली. वादळच लागते असेही नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा माड अंगावर पडून मृत्यू झाला.

सगळी झाडे सारखी पडत नाहीत. मादागास्करहून आलेला गुलमोहर शहरांनी हौसेने लावला. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ, आणि पावसाळ्यात तो हमखास दगा देतो. सोनमोहरही त्याच वळणाचा. दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष मोठी सावली देतो, पण मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने असे अनेक वृक्ष उभ्या उभ्या वाळले. चिंच, आंबा, कडुनिंब, जांभूळ, बकुळ ही तुलनेने चिवट. घराजवळ निरोगी चिंच उभी असेल तर घाबरायला फारसे कारण नाही, उलट पश्चिमेला असेल तर उन्हाळ्यातली दुपार सुसह्य होते. भिंत तापलीच नाही तर रात्री ती उष्णता सोडत नाही, हा फरक विदर्भातल्या माणसाला मे महिन्यात पहिल्याच दिवशी कळतो.

जातीपेक्षाही बुंध्याभोवतीची जागा महत्त्वाची. शहरात पडणाऱ्या झाडांची मुळे पाहिली तर बहुधा एक बाजू कापलेली असते: गटारासाठी, केबलसाठी, रस्ता रुंद करण्यासाठी. उरलेल्या बाजूला बुंध्यापर्यंत सिमेंट. मुळांना पाणी नाही, हवा नाही, आणि पकड अर्धीच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. घर पाहताना बुंध्याशी वाकून पाहावे. तळाशी लाकडासारख्या कडक, तपकिरी अळंब्या उगवल्या असतील तर आत कूज आहे. लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, झाड पूर्वीपासून कललेले आहे की अलीकडे कलले, कललेल्या बाजूच्या उलट दिशेला जमिनीला नवी भेग आहे का, शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या आहेत का, हे बघावे. जुना कल घेऊन सरळ वर वळलेले झाड सहसा सावरलेले असते. नव्या भेगेसह कललेले झाड मात्र तातडीने तज्ज्ञाला दाखवावे. माडाच्या बाबतीत गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांनी पाडलेली भोके, त्यांतून गळणारा तपकिरी रस आणि मलूल शेंडा या खुणा. सोंड्या भुंगा आतून खोड पोखरतो आणि वरून ते बरेच दिवस कळत नाही.

‘घर घेऊ, झाड नंतर काढून टाकू’ हा विचार अनेकांच्या मनात असतो. तो मोडीत काढायला कायदा पुरेसा आहे. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. स्वतःच्या आवारातले झाड असले तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, जागेची पाहणी, नोटीस आणि हरकती हे सगळे होते. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे येते, म्हणून मोठ्या फांद्या छाटायलाही परवानगी घ्यावी लागते. झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीविताला आणि मालमत्तेला धोकादायक असेल तर परवानगी नाकारू नये, असेही कायदा म्हणतो, आणि ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्षाचा वेगळा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आणली. साठ वर्षांच्या आंब्यासाठी साठ रोपे लावायला जागा कुठून आणणार, याचा हिशेब इसार देण्यापूर्वी करावा.

शहराबाहेर १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा अधिनियम येतो. त्याच्या अनुसूचीत साग आणि हिरड्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. तिथे २०१६ मध्ये माडाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळले गेले, त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये नव्या सरकारने माडाला पुन्हा झाडाचा दर्जा दिला. गोव्यात माडाच्या भाटासह, म्हणजे बागेसह, घर घेणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा.

झाड शेजाऱ्याचे असेल तर? भारतीय न्यायालयांनी ब्रिटिश काळापासून धरलेली भूमिका अशी की दुसऱ्याच्या हद्दीवर फांद्या लोंबत ठेवण्याचा हक्क केवळ वर्षे लोटली म्हणून मिळत नाही. हद्दीत आलेली फांदी काढण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहे. पण हा दिवाणी अधिकार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीची जागा घेत नाही, आणि रागाच्या भरात एका बाजूच्या सगळ्या फांद्या किंवा मुळे कापली तर तोल गेलेले झाड कापणाऱ्याच्याच छपरावर येऊ शकते. म्हणून मोजणी नकाशावर बुंधा हद्दीच्या कोणत्या बाजूला येतो, हे भूमि अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने नक्की करून घ्यावे. कोकणात याहून गुंतागुंतीचे एक प्रकरण आहे. तिथे जमीन एकाची आणि त्यातली काही झाडे, किंवा झाडांचा हिस्सा, भाऊबंदांपैकी दुसऱ्याचा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. घर विकत घेऊन राहायला गेलेल्या मुंबईकराला मे महिन्यात कोणी हक्काने फणस उतरवायला आले की धक्का बसतो. फेरफार, वाटणीपत्र आणि गावातल्या वडीलधाऱ्यांची माहिती, तिन्ही विचारून घ्यावीत.

फ्लॅट घेणाऱ्याला हे सगळे दुसऱ्याचे काम वाटते. पण सोसायटीच्या आवारातली झाडे सोसायटीची, आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी तिच्या खर्चाने. महापालिका रस्त्यावरची झाडे छाटते, आवारातली नाही. मुंबईत २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली आणि त्यांतली मोठी संख्या खासगी आवारांत आहे. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत घर घेताना जुन्या झाडांचे काय होणार हे आराखड्यात पाहावे. तळघरातले पार्किंग बुंध्याच्या दोन मीटरवर खणले जाणार असेल तर ‘झाड वाचवले’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

विम्याबद्दल एक चांगली बातमी आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. वादळाबरोबर पडणाऱ्या झाडाच्या आघाताने झालेले नुकसानही तीत धरलेले आहे. नव्या बांधकामाचे साधारण तडे किंवा बसणे मात्र त्यात येत नाही. झाडाजवळच्या घराला ही पॉलिसी पहिल्या वर्षापासून असावी.

आणि झाडाची किंमत? सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरावे असे सुचवले. बाजार हा आकडा मोजत नसेल, पण झाडांमुळे वस्ती टिकते याचे दाखले आहेत. दादरच्या पारशी कॉलनीत मंचेरजी जोशी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आखणीबरोबरच रस्त्यांना वेगवेगळ्या जातींची झाडे दिली. शंभर वर्षांनंतरही त्या वस्तीची ओळख झाडांनीच होते, आणि तिथे घर मिळावे म्हणून माणसे आजही धडपडतात. सशक्त झाड घराच्या दरात तोटा म्हणून मांडणाऱ्या दलालाचे ऐकू नये. ज्याला झाड नकोच आहे, त्याने झाड नसलेले घर शोधावे. ते घरालाही बरे आणि झाडालाही.

घर पाहायला शक्यतो दोनदा जावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसात. एवढा अवकाश नसेल तर निदान एखादा जोरदार पाऊस पडून गेल्यावर. पाने अडकून पन्हळ कुठे ओसंडते, भिंतीला ओल कुठवर चढते, फांद्या वाऱ्यात विजेच्या तारेला टेकतात का, माकडे कोणत्या फांदीवरून कौलांवर उडी घेतात, हे कोरड्या दिवशी कळत नाही. ताबा मिळाल्यावर पहिल्या हिवाळ्यात बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडून मातीला श्वास द्यावा आणि छाटणीचा अर्ज फेब्रुवारीतच करावा, कारण मे महिन्यात सगळे शहर त्याच कार्यालयाच्या दारात असते. विकणाऱ्याकडून किल्ल्यांबरोबर आणखी काही गोष्टी मागून घ्याव्यात: झाड कोणी आणि कधी लावले, मागची मोठी फांदी कोणत्या साली पडली, सेप्टिक टाकी आणि जुने पाइप जमिनीत नेमके कुठे पुरले आहेत, आणि माडावर चढणाऱ्या पाडेलीचा फोन नंबर. गावोगाव असे पाडेली आता मोजकेच उरले आहेत, आणि ज्याच्याकडे तो नंबर आहे त्याच्या झावळ्या पावसाआधी उतरतात.